अंदमानची सहल आणि दोन रिकरिंग खाती

(इंदिरानगर, लखनौ येथे मराठी खातेदारांच्या बैठकीत ८ ऑगस्ट २०२५ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)



नारळी पौर्णिमेचे दिवस आहेत. तिकडे कोकणात समुद्राला नारळ वाहतील आणि आपण इथे लखनौत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बसलो आहोत. गोमतीवर भागवायचं म्हटलं तरी भागत नाही. म्हणूनच की काय, गेल्या चार-पाच महिन्यांत आमच्या इंदिरानगरच्या काउंटरवर एक प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी विचारला आहे : "मॅडम, अंदमानला जायचंय, एफडी मोडू का?" कुणी एफडी म्हणतं, कुणी दागिने तारण म्हणतं, कुणी सरळ वैयक्तिक कर्जाचा फॉर्म मागतं. आज बोलायचं ते त्यावरच.

बँकेची बाई आली म्हणजे खर्च करू नका असं सांगणार, अशी तुमची समजूत असेल तर ती आधी काढून टाका. अंदमानला जा. जरूर जा. मराठी घरात अंदमान म्हणजे केवळ निळं पाणी आणि पांढरी वाळू नसते. १८९६ साली बांधायला घेतलेला आणि १९०६ मध्ये पुरा झालेला तो सेल्युलर जेल, ४ जुलै १९११ रोजी तिथे पोचलेले विनायकराव सावरकर, त्यांच्या आधीपासूनच तिथे शिक्षा भोगणारे बाबाराव, हे सगळं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असताना ऐकलेलं असतं. आयुष्यात एकदा ती कोठडी बघायची, असं म्हणणारे आईवडील जवळजवळ प्रत्येक घरात निघतात. माझ्याही घरात होते. त्यांची गोष्ट पुढे सांगते, कारण त्या गोष्टीत मी स्वतः केलेला मूर्खपणा आहे आणि तो तुमच्या उपयोगी पडेल.

आधी हिशेब. मी घरून कागदावर मांडून आणला आहे. तीन माणसं धरली आहेत, नवरा-बायको आणि एक वडीलधारं माणूस. सहा रात्री. लखनौहून थेट विमान नाही, कोलकाता, दिल्ली किंवा चेन्नईवरून जावं लागतं. जाण्यायेण्याचे माणशी २२,००० म्हणजे ६६,०००. राहायला दोन खोल्या, साध्या पण स्वच्छ, रात्रीला खोलीमागे २,५०० धरले तर ३०,०००. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायच्या बोटी, तिघांचे मिळून १३,५००. जेवणखाण १६,८००. रिक्षा-टॅक्सी १२,०००. जेलचं तिकीट, संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम, शंखशिंपल्यांची खरेदी असं किरकोळ ५,७००. बेरीज १,४४,०००. हे दर माझ्या अंदाजाचे आहेत. तुमचे वेगळे येतील. पण बेरीज केल्याशिवाय "साधारण लाखभर लागतील" असं म्हणून निघू नका. लाखभर म्हणणाऱ्याला शेवटी दीड लाख लागतात आणि वरचे पन्नास हजार क्रेडिट कार्डावर जातात. कार्डावर 'मिनिमम ड्यू' भरत राहिलात तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. वर्षाचं तुम्हीच करा.

आता हेच १,४४,००० कर्जाने काढले असं समजू. वैयक्तिक कर्ज, १४ टक्के दर, २४ महिने. हप्ता येतो ६,९१४ रुपये. दोन वर्षांत तुम्ही भरता १,६५,९००च्या आसपास. म्हणजे व्याजाचेच जवळजवळ २२,०००, शिवाय प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. सात दिवसांची सहल आणि चोवीस महिने हप्ता. फोटो जुने होतात तरी हप्ता चालूच.

उलटं करून बघा. समजा येत्या सोमवारी, ११ ऑगस्टला सुरुवात केली आणि सहल ठेवली मार्च २०२७ च्या पहिल्या आठवड्यात. व्याज साडेसहा टक्के धरू. इथे बहुतेक जण एक चूक करतात. सगळ्या पैशांचं एकच रिकरिंग काढतात आणि त्याची मुदत सहलीच्या तारखेला संपेल अशी ठेवतात. पण विमानाचं तिकीट काही निघायच्या दिवशी काढत नाहीत! ते पाच-सहा महिने आधी घेतलं तर परवडतं. तेव्हा पैसे रिकरिंगमध्ये अडकलेले असतात, मग ते मुदतीआधी मोडायचं किंवा कार्ड घासायचं. म्हणून दोन खाती काढा. पहिलं १२ महिन्यांचं, महिना ५,४००. ते ऑगस्ट २०२६ मध्ये पुरं होईल आणि हातात सुमारे ६७,१०० येतील. त्यात तिकिटं. दुसरं १८ महिन्यांचं, महिना ४,२००. ते फेब्रुवारी २०२७ मध्ये पुरं होईल, सुमारे ७९,६०० मिळतील. त्यात राहणं, बोटी, जेवण. तुम्ही भरलेत १,४०,४०० आणि मिळाले १,४६,७००. कर्जवाल्याने २२,००० दिले, तुम्ही सहा हजारांवर कमावले. सहल तीच, बेट तेच.

पहिले बारा महिने ९,६०० जातील, नंतर फक्त ४,२००. ज्यांना हे जड वाटतं त्यांनी रक्कम निम्मी करा आणि मुदत वाढवा. कुणी म्हणेल पोस्टात टाकू का? पोस्टाचं रिकरिंग चांगलंच आहे, आज ६.७ टक्के मिळतात, पण ते पाच वर्षांचं असतं. तीन वर्षांनंतर मोडता येतं खरं, पण तसं मोडलं तर बचत खात्याच्या दराने व्याज मिळतं. दीड वर्षाच्या सहलीसाठी ते नको. नातीच्या कॉलेजसाठी ठीक.

व्याजावरच्या कराचं एका वाक्यात सांगते. एका बँकेत वर्षाचं व्याज ५०,००० च्या आत असेल, ज्येष्ठांचं एक लाखाच्या आत असेल, तर एप्रिल २०२५ पासून बँक टीडीएस कापत नाही. पण कापला नाही म्हणजे कर लागतच नाही असं समजू नका, विवरणपत्रात ते व्याज दाखवायचं असतं.

चौकात गलाईचा धंदा करणारे आपले विटा-खानापूरकडचे दोन-तीन बांधव आज आले आहेत. त्यांना मी मघाशी मान हलवताना पाहिलं. बरोबर आहे, सोन्याचांदीच्या कामात दर महिन्याला सारखा पैसा येत नाही. लग्नसराईत येतो, पितृपक्षात ओहोटी. ठरावीक हप्त्याचं रिकरिंग त्यांना जाचक होतं, हप्ता चुकला की दंड बसतो. त्यांनी वेगळं बचत खातं उघडावं, त्याचं एटीएम कार्ड घेऊच नये आणि हातात पैसा आला की तिथे टाकावा. दहा-पंधरा हजार जमले की त्याची छोटी मुदत ठेव करायची, तिची अखेर ऑगस्ट २०२६ किंवा फेब्रुवारी २०२७ ला येईल अशी. काही बँकांत कमी-जास्त हप्त्याचं रिकरिंगही मिळतं, विचारून घ्या. मुद्दा एवढाच की सहलीचा पैसा घरखर्चाच्या खात्यात ठेवू नये. तो तिथे राहत नाही.

आता माझी गोष्ट.

माझे बाबा सातारा जिल्ह्यात शाळामास्तर होते, इतिहास शिकवायचे. सेल्युलर जेलचा धडा आला की फळ्यावर मधला मनोरा आणि त्यापासून फुटलेल्या सात ओळी काढायचे, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. २०१८ साली मी बँकेत नवीन होते, हातात पगार होता. बाबांना न सांगता त्यांना अंदमानला न्यायचं ठरवलं. इंटरनेटवर एका एजंटची जाहिरात बघितली. चौघांचं पॅकेज ८४,०००. बाजारात त्या वेळी जे भाव ऐकू येत होते त्यापेक्षा बरंच कमी. अर्धी रक्कम आगाऊ मागितली, मी यूपीआयने दोन वेळा एकवीस-एकवीस हजार पाठवले. खातं कुठल्या कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका माणसाच्या नावाचं होतं. मला ते दिसलंही होतं. एम.कॉम. झालेली, बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे केवायसी तपासणारी मी, आणि ते नाव बघून पुढे गेले! चार दिवसांनी फोन बंद.

त्याहून मोठी चूक पुढची. लाजेपोटी मी अकरा दिवस कुणाला सांगितलंच नाही. सहकारी काय म्हणतील, बँकवाली फसली म्हणून हसतील. तोवर त्या खात्यातून पैसे कधीच पुढे गेले होते. ४२,००० गेले ते गेले.

मग पुन्हा साठवायला लागले. तेवढ्यात २०२० उजाडलं आणि सगळ्यांचीच सहल राहिली. २०२१ मध्ये बाबांचे गुडघे गेले. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही पोचलो. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. जिने चढावे लागतात. बाबा खालच्या आवारात बाकावर बसले आणि म्हणाले, "तू जाऊन ये." मी वर गेले. खोली साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, आणि झरोका इतका उंच की हात पुरत नाही, तीन मीटरवर. फोटो काढले, खाली आले, दाखवले. बाबांनी फोटो नीट पाहिले आणि विचारलं, किती पावलं भरली? मी मोजलीच नव्हती. पुन्हा वर गेले आणि मोजून आले.

पैसे मी चार वर्षांत परत जमवले. म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं असं की सहलीची तारीख पैशांवरून ठरवू नका, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या गुडघ्यांवरून ठरवा. मग त्या तारखेवरून मागे मोजत हप्ता काढा. ७४ वर्षांच्या आईला २०३० चं वचन देण्यापेक्षा, दोनऐवजी एक बेट बघून २०२६ मध्ये जाणं मला बरं वाटतं. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, वगळलं तर बोटीचे आणि दोन रात्रींचे पैसे वाचतात. राधानगरचा किनारा सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या आईला जेल बघायचा आहे की किनारा, हे तिलाच विचारा. आपण बहुधा विचारत नाही.

फसवणुकीचं आणखी थोडं, कारण या बैठकीला बोलावलं तेव्हा तिघांनी मला तेच विचारलं. अंदमानच्या नावावर पैसे काढायच्या काही ठरलेल्या तऱ्हा आहेत. श्री विजयपुरम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर, तिथे किंवा स्वराज द्वीपला जायला भारतीय नागरिकाला कुठलंही परमिट लागत नाही. "परमिटचे माणशी दोन हजार वेगळे" म्हणणारा एजंट आला की तिथेच फोन ठेवा. परमिट लागतं ते लक्षद्वीपला. तसंच निकोबार दाखवतो म्हणणारा. निकोबार पर्यटकांना खुलं नाही. जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्रही पर्यटनाचं ठिकाण नव्हे. बाराटांगला जाणारा रस्ता त्यातून जातो, पण गाड्या ताफ्याने जातात, मध्ये थांबायचं नाही आणि फोटो काढणं गुन्हा आहे. "जारवा दाखवू" हे शब्द जाहिरातीत दिसले तर ती जाहिरात देणारा माणूस बाकी कशातही विश्वासाचा नाही, असं मी समजते.

पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. ते वाचा. कंपनीच्या नावाने पावती देतो आणि पैसे मेव्हण्याच्या खात्यात घेतो, असं असेल तर थांबा. पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकायला लावला म्हणजे तुमचेच जाताहेत. आणि फसलात तर माझ्यासारखे अकरा दिवस बसू नका. १९३० ला त्याच तासाला फोन करा, मला गरज होती तेव्हा हा क्रमांक नव्हता. तक्रार लगेच आली तर पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता असते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तुम्हाला संरक्षण आहे. पण तुम्ही स्वतः पिन टाकून कुणाला पाठवले असतील तर ते संरक्षण तसं लागू होत नाही. पहिला व्यवहार चोरी ठरतो, दुसरा तुमच्या हातचा.

एफडी मोडू का, या मूळ प्रश्नाकडे येते. समजा दोन लाखांची ठेव आहे, मुदत संपायला आठ महिने आहेत आणि सहलीला ४०,००० कमी पडताहेत. ठेव मोडली तर जितके दिवस ठेवली तेवढ्या मुदतीचा दर मिळतो, त्यातूनही अर्धा-एक टक्का वजा होतो आणि तोटा पूर्ण दोन लाखांवर होतो. त्याऐवजी त्याच ठेवीवर कर्ज घ्या. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतात. साडेआठ टक्क्यांनी ४०,००० तीन महिने वापरले तर व्याज ८५० रुपये. ठेव जागच्या जागी. हे काउंटरवर फार जण विचारत नाहीत, आणि आमच्यातले काही जण सांगायचा कंटाळा करतात, हेही मान्य करते.

पण एक ठेव अशी असते की तिला हातच लावायचा नाही, कर्जासाठीसुद्धा नाही. दवाखान्याची. आमच्या एक काकू आहेत, एकट्या राहतात, पेन्शनवर. त्यांनी आजारपणासाठी ठेवलेले ऐंशी हजार बहिणीबरोबर अंदमानला जाण्यासाठी काढायला आल्या. मी त्यांना तासभर बसवून ठेवलं, चहा पाजला, भांडलेसुद्धा. त्या रागावून गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन ३,००० चं रिकरिंग उघडलं आणि बहिणीला एक वर्ष थांबायला लावलं. अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात. हरकत नाही.

नोकरदारांसाठी थोडं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना एलटीसीवर अंदमानला विमानाने जाण्याची खास सवलत आहे, ती २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. ज्यांना एरवी विमान लागू नाही त्यांनाही कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणमपासून पुढे इकॉनॉमी वर्गाने जाता येतं. अशांनी मार्च २०२७ ची वाट बघू नये, याच हिवाळ्याच्या अखेरीला जावं, आणि तिकीट सरकारने नेमलेल्या एजंटांकडूनच काढावं, नाहीतर बिल अडकतं. खासगी नोकरीतल्यांना एलटीएची करसवलत मिळते, पण जुनी करपद्धत निवडली असेल तरच, आणि ती फक्त प्रवासभाड्यावर, हॉटेलवर नाही. चार वर्षांत दोन प्रवास धरतात. २०२२ ते २०२५ चा गट डिसेंबर २०२५ ला संपतो. त्यातला राहिलेला एक प्रवास २०२६ मध्ये वापरता येतो. कुणी मालदीवचा विचार करत असेल तर त्या पॅकेजवर टीसीएस आधी कापून घेतात, तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. अंदमान आपल्याच देशात असल्याने तो प्रश्न नाही.

मार्चच का, असं मागच्या बाजूने कुणीतरी विचारलं. डिसेंबर-जानेवारीत तिथे हवा छान असते, पण आपल्या इथे धुकं असतं. अमौसीचं विमान चार तास उशिरा सुटलं आणि पुढचं कोलकात्याचं तिकीट वेगळं काढलेलं असेल, तर ते विमान निघून जातं आणि पैसे कुणी देत नाही. रेल्वेने हावड्याला जाणाऱ्यांचंही धुक्यात तेच. म्हणून एकतर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर कोलकात्यात एक रात्र काढा. मे ते सप्टेंबर तिथे पावसाळा, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही पाऊस हुलकावणी देतोच. मार्चमध्ये इथलं धुकं संपलेलं असतं, तिथला पाऊस सुरू झालेला नसतो आणि मुलांच्या परीक्षा असल्याने गर्दी कमी असते. परीक्षेची मुलं घरात असतील त्यांनी अर्थातच फेब्रुवारी किंवा एप्रिल बघावा.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी श्री विजयपुरमला परत या. त्याच सकाळच्या बोटीवर भरवसा ठेवू नका. एका रात्रीचे अडीच हजार जातील, पण बोट रद्द झाली तर तीन तिकिटं बुडायची वाचतील. तिथे दिवस लवकर मावळतो, हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच आहे पण बेटं फार पूर्वेला आहेत. संध्याकाळसाठी ठेवलेल्या गोष्टी दुपारी उरका.

रोकडही जवळ ठेवा. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल गेली तेव्हापासून तिथलं इंटरनेट पुष्कळ सुधारलं आहे, तरी लहान बेटांवर फोन चालेलच असं नाही आणि एटीएम मोजकीच. आठ-दहा हजार दोन ठिकाणी विभागून ठेवा. यूपीआयवर विसंबून नारळपाणी प्यायलात आणि रेंज गेली तर नारळवाल्याची पंचाईत.

आणि हो, विमानतळाला जायला इथून टॅक्सीचे सातशे-आठशे घालवू नका. मुन्शीपुलिया किंवा इंदिरानगर स्टेशनला मेट्रोत बसा, गाडी न बदलता अमौसी विमानतळावर उतरता. पहाटेचं विमान असेल तर मात्र मेट्रोची पहिली गाडी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे : मधे हप्ता भरता आला नाही तर? थोडा दंड लागतो, खातं बंद पडत नाही. पण लागोपाठ चुकवू नका. बचत खात्यातून आपोआप वळता होईल अशी सूचना देऊन ठेवा, पेन्शन महिनाअखेरीला येते ना, मग तारीख एक किंवा दोन. दुसऱ्या चिठ्ठीत विचारलंय, बँक बुडाली तर? बचत, मुदत, रिकरिंग मिळून, व्याज धरून, एका बँकेत एका माणसाचे पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं. तुमच्या दोन्ही रिकरिंगची बेरीज त्याच्या खूप आत आहे, पण तिथेच आधीची मोठी ठेव असेल तर ती मिळवून बघा.

उद्या दुसरा शनिवार, बँक बंद. परवा रविवार. सोमवारी साडेदहापासून मी शाखेत आहे. येताना पासबुक, पॅन, आधार आणा, आणि वारसाचं नाव घालायचं असेल तर त्यांची जन्मतारीख लिहून आणा, सगळे ती विसरतात. ज्यांना आपल्या सहलीचा कागद माझ्याबरोबर बसून मांडायचा आहे त्यांनी दुपारी तीननंतर यावं, तेव्हा काउंटरवर गर्दी कमी असते. हिशेबाचे कोरे तक्ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. पहिल्या ओळीत रक्कम नाही विचारलेली, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचं वय विचारलंय. तेवढं आज रात्रीच भरून ठेवा.